सगुणाची पाऱ्याची नळी

धाटावच्या एका रंगाच्या कंपनीत, लॅबच्या मोरीपाशी सगुणा म्हात्रे बीकर धूत उभी होती, आणि तिची नजर शेजारच्या टेबलावरच्या कागदावर होती. काचसामान धुणाऱ्या बाईने आकडे वाचू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही, पण ती वाचत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. सगुणा वाचायची. बावीस वर्षं रोज वाचत होती, आणि तोंडातून कधी ब्र काढत नव्हती.

कागद सांडपाण्याच्या प्लांटचा होता. त्याला कंपनीत सगळे ईटीपी म्हणतात. सकाळी सातला वजा एकशे नव्वद मिलिव्होल्ट. दहाला वजा पन्नास. साडेबाराला अधिक साठ. दीडला अधिक बासष्ट. खाली केमिस्ट मनालीची सही आणि शेरा: सल्फाइड संपलं, अ‍ॅसिड सोडायला हरकत नाही.

सगुणाचा हात थांबला. सातला वजा एकशे नव्वद? बारा महिने तेरा काळ सातचा आकडा वजा पाचशेच्या आसपास असतो. रंगाच्या प्लांटमधून येणारं ते पिवळट पाणी सल्फाइडने भरलेलं असतं. त्यात दिवसभर पेरॉक्साइड सोडत राहिलं की सल्फाइड हळूहळू मरतं, आकडा चढत जातो आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला शून्य ओलांडतो. मग अ‍ॅसिड घालून पाणी न्यूट्रल करायचं. सल्फाइड शिल्लक असताना अ‍ॅसिड पडलं तर मात्र पाण्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू उसळतो. तो फार झाला की आधी माणसाचं नाक मारतो, वासच येईनासा होतो. नंतर माणूस मारतो. दोन-चार श्वासांचं काम.

आणि आज त्या टाकीवर, अ‍ॅसिडच्या व्हॉल्व्हपाशी ड्युटीला होता हरेश. तिचा पाठचा भाऊ.

हरेशला इथे तिनेच चिकटवला होता. दोघं पेणच्या खाडीकाठच्या गावातली, मिठागरावर वाढलेली. बाप आगरी, फाल्गुन-चैत्रात उन्हातान्हात वाफ्यातलं मीठ ओढणारा. सगुणाचं लग्न रोह्याला झालं. नवरा शिवा याच कंपनीत हेल्पर होता. तो काविळीने गेला आणि त्याच्या जागी चोवीस वर्षांच्या सगुणाला लॅबमध्ये भांडी घासायला घेतलं. पुढे खाडीचा बांध फुटला, आगर बुडालं, तेव्हा आई मैनाने पेणहून एसटीने येऊन हरेशचा हात तिच्या हातात दिला होता. “याला तुझ्या डोल्यासमोर ठेव गो,” एवढंच म्हणाली होती. ते शब्द सगुणाला नको तेव्हा आठवत. आत्ता आठवले.

तेवढ्यात आणखी एक गोष्ट तिच्या डोक्यात आली. चार दिवस झाले, हरेश नळी भरायला आला नव्हता.

ही नळी म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगुणाची अर्धी जिंदगी त्या नळीत गेली. टाकीतल्या पाण्याचे मिलिव्होल्ट मोजायला दोन इलेक्ट्रोड लागतात. हे तिला जनूभाऊंनी शिकवलं. जनूभाऊ म्हणजे लॅबमधले जुने केमिस्ट, आता निवृत्त. पान खाऊन लाल झालेल्या तोंडाने ते रसायनशास्त्र असं सांगत, की जणू गावच्या भानगडी सांगताहेत. “एकट्याचा व्होल्ट कुणाला मोजता येत नाही, सगुणा. मीटर फक्त दोघांमधला फरक सांगतो. एक आहे प्लॅटिनमचा, तो पाणी बदललं की बदलतो. दुसरा मात्र जागचा हलता कामा नये. दोघंही हलायला लागले तर फरकाला काय अर्थ? तो न हलणारा म्हणजे ही पाऱ्याची नळी.”

बोटाएवढ्या काचेच्या नळीत वर थेंबभर पारा. त्याला चिकटून कॅलोमेलचा पांढरा लगदा, जुने वैद्य रसकापूर म्हणायचे त्याच्या जातीचा. आणि सगळ्याला वेढून पोटॅशियम क्लोराइड नावाच्या मिठाचं पाणी. “पाऱ्यातला कण पांढऱ्यात जातो, पांढऱ्यातला पाऱ्यात येतो,” जनूभाऊ सांगत. “पारा भरपूर, पांढरंही भरपूर. राहिलं मीठ. तेही पाण्यात मावेल तेवढं ठासलेलं. मग बदलणार काय? उन्हाळा-हिवाळ्याने किंचित इकडेतिकडे, बाकी व्होल्ट ठरलेला.”

“म्हंजे तलाला खडे दिसले की समजायचं, पानी मिठाने पुरं भरलं,” सगुणा म्हणाली होती. “आगरात पन तसंच असतं.”

जनूभाऊंनी पान थुंकून तिच्याकडे पाहिलं होतं. एम.एस्सी. झालेली पोरं तळाचे खडे म्हणजे घाण समजून धुऊन टाकत, आणि ही बाई पहिल्याच दिवशी खड्यांचा अर्थ सांगत होती. त्या दिवसापासून कंपनीतल्या सगळ्या पाऱ्याच्या नळ्या सगुणाच्या ताब्यात आल्या. तिने एकही कधी फोडली नाही. पाऱ्याला ती भिऊनच असायची, म्हणून तर फोडली नाही.

नळीच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा चिनीमातीचा सच्छिद्र ठिपका असतो. त्यातून आतलं खारं पाणी अगदी सावकाश बाहेर झिरपतं आणि बाहेरच्या पाण्याशी विजेचं नातं जुळतं. म्हणून आतलं पाणी रोज थोडं उतरतं, ते उतरलंच पाहिजे. नळीच्या खांद्यावर भरायचं भोक असतं. त्याला रबराचं बूच. काम चालू असताना बूच उघडं ठेवायचं, म्हणजे वरून हवा येते आणि पाणी बाहेरच्या दिशेने वाहत राहतं. सगुणाला हे उघाडीसारखं वाटायचं. खाडीकाठच्या शेताला बांधात उघाडी असते, शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर जातं, पण भरतीचं आत येत नाही. आलं तर शेत गेलं.

आता चार दिवस हरेशची नळी उतरली नव्हती. उतरत नाही, म्हणजे बाहेर जात नाही. आणि बाहेर जात नसेल, तर बाहेरचं आत येत असेल. पारा सल्फाइडचा भुकेला असतो, सल्फाइड दिसलं की काळा पडतो. काळा पडलेला पारा ठरलेल्या व्होल्टवर राहत नाही, आणि मीटर मात्र बिनदिक्कत आकडे सांगत राहतो.

सगुणाने बीकर खाली ठेवला आणि ओल्या हातांनीच निघाली.

ईटीपी लॅबपासून तीनशे पावलांवर. टाकीवर पत्र्याची शेड, वर जायला अकरा लोखंडी पायऱ्या, आणि ब्लोअरचा असा आवाज, की कानात ओरडलं तरी ऐकू येऊ नये. कठड्यावर गॅस अलार्मची पेटी असायची, ती कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून घ्यायला, बाहेर गेली होती. मागे नुसता खिळा उरला होता. सल्फाइड असलं की काळे पडणारे तपासणीचे कागदही महिनाभरापूर्वी संपले होते. मीटर आहे ना, मग कागद कशाला, असं म्हणून कुणी पाठपुरावा केला नव्हता.

खाली इनचार्ज हर्षद साहेब घड्याळ बघत उभे होते. माणूस वाईट नव्हता. पण मागून दुसऱ्या बॅचचं पाणी येऊन थांबलं होतं आणि टाकी रिकामी करा म्हणून सकाळपासून तीन फोन झाले होते.

“साहेब, नळी बघायची हाय,” सगुणा म्हणाली.

“आत्ता? मावशी, अडीचला अ‍ॅसिड सुरू करायचंय.”

ती पायऱ्या चढून वर गेली. हरेश हसला. तिने नळी पाण्याबाहेर ओढली. नळीभोवती मिठाच्या पाण्याची दुसरी काच असायची, सल्फाइड थेट लागू नये म्हणून. ती नव्हती. नळी सुतळीने बांधून उघडीच खोल सोडली होती. खांद्यावर रबराचं बूच घट्ट बसवलेलं. आणि टोकाचा पांढरा ठिपका काजळासारखा काळा.

“ही बाहेरची काच?”

“शनवारी फुटली. नवी येनार हाय.”

“आणि बूच कुनी लावलं?”

“मीच,” हरेश ओरडून म्हणाला, ब्लोअरमुळे. “वाया जात होतं ना गो पानी! चार दिवस झाले, थेंब उतरला नाय. बघ!”

त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. आणि सगुणाला गेला रविवार आठवला. हरेशच्या घरी भाकरी खाताना तिनेच त्याची टर उडवली होती: “दोन दिवस झाले की नळी घेऊन हजर! तुझी नळी पानी पिते का काय रे? बाबा असता तर म्हनला असता, एवढं भरलेलं पानी कोन वाया घालवतो?” त्याची बायको मृणाली हसली होती. हरेश कानकोंडा झाला होता. आगराच्या माणसाला भरलेलं खारं पाणी वाया घालवतोस म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. आठ-आठ दिवस उन्हात मुरवलेलं पाणी फटीतून गेलं तर बाप रात्रीतून चिखल थापायला धावायचा. हरेशने तेच केलं होतं. फट बुजवली होती. त्याला ती फट का असते ते कधी कुणी सांगितलंच नव्हतं. सगुणाला सगळं ठाऊक होतं, आणि तिने टोमणा तेवढा मारला होता.

ती नळी घेऊन खाली आली. “साहेब, ही गेली. आकडे खोटे हायत. अ‍ॅसिड सोडू नका.”

“कशावरून?”

“काळी झाली बघा.”

“इथे काय काळं नाही, मावशी?” हर्षद साहेब वैतागून म्हणाले. “मीटर सकाळीच तपासलाय. केमिस्टची सही आहे. मी वरती काय सांगू, भांडी धुणाऱ्या बाईंना वाटलं म्हणून थांबलो?” मग स्वतःच जरा वरमले. “बरं. अडीचपर्यंत वेळ आहे. पंधरा मिनिटं. काही दाखवा मला, नाहीतर मी सुरू करतो.”

सगुणा धावत सुटली. सेहेचाळीस वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, कंपनीच्या रस्त्यावरून पदर खोचून धावताना बघून गेटवरचा वॉचमन हसला. हसू दे मेला.

दाखवायला तिच्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती दाखवली तर तिची नोकरी जाऊ शकत होती.

गेल्या वर्षी हुकूम आला होता की पाऱ्याची वस्तू लॅबमध्ये नको. थर्मामीटर गेले, नळ्या गेल्या, सगळं पिंपात भरून विल्हेवाटीला गेलं. ईटीपीसाठी दोन राहू दिल्या, त्या संपेपर्यंत. पण एक नळी सगुणाने दिली नव्हती. जनूभाऊंनी जाताना तिच्या हातात दिलेली. ती नळी कधीच कुठल्या टाकीत, कुठल्या नमुन्यात बुडवायची नाही. तिचं काम एकच, बाकीच्या नळ्या खऱ्या की खोट्या ते सांगणं. दोघींना एकाच भरलेल्या खाऱ्या पाण्यात उभं करायचं. दोघी सारख्या, तर फरक जवळजवळ शून्य यायला हवा. लॅबमध्ये तिला म्हातारी म्हणत. पिंपात कुणा पोराने फोडलेली दुसरी टाकून सगुणाने म्हातारीला फिल्टर पेपरच्या खोक्यामागे लपवलं होतं. चोरीच की ती. पण हिच्यावाचून बाकीच्यांना विचारायचं कुणाला?

मनाली टेबलाशी डबा उघडून बसली होती. पेणची मुलगी, नोकरीला आठ महिने. सगुणाने खोक्यामागून म्हातारी काढली तेव्हा तिच्या हातातली पोळी हातातच राहिली.

“मावशी, ही तर जमा करायची होती!”

“नंतर बोल. मीटर लाव, बाळा. दोघींचा फरक बघ.”

सगुणाने म्हातारी उजेडात धरली. तळाला खडे चमकत होते. तिने छोट्या बीकरमध्ये भरलेलं खारं पाणी ओतलं, दोन्ही नळ्या उभ्या केल्या, दोन्हींची बुचं काढली. मनालीने वायरी जोडल्या. घड्याळात दोन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. आकडा थरथरत वर चढला आणि थांबला.

तीनशे दहा.

मनालीला दोनदा वाचावं लागलं. “दोन-चार यायला हवं होतं,” ती पुटपुटली. मग तिचा चेहरा उतरत गेला. ती शिकलेली पोर होती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. साठातून तीनशे दहा गेले. म्हणजे टाकीचा खरा आकडा वजा अडीचशे. “मावशी, सल्फाइड आहे. भरपूर आहे. आणि मी सही केलीय.”

“फोन लाव.”

फोन वाजत राहिला. ब्लोअरच्या आवाजात तो कुणाला ऐकू जाणार? मनालीने पुन्हा लावला. सगुणा थांबलीच नाही. “लेड अ‍ॅसिटेटमध्ये कागद बुडवून घेऊन ये!” एवढं दारातून ओरडली आणि पुन्हा ते तीनशे पावलांचं अंतर.

अर्ध्या वाटेवर वास आला.

अडीच वाजले नव्हते. तिच्या हिशेबाने अजून पाच मिनिटं होती. पण वरून चौथा फोन आला असेल, किंवा साहेबांचं घड्याळ पुढे असेल. पंपाचा खडखडाट तिला लांबूनच ऐकू आला. शेडखाली हरेश व्हॉल्व्हवर वाकलेला दिसत होता. तिने हाक मारली. आई गं, तिने अशी हाक मारली की घसा सोलवटला, पण तो वळला नाही. वायू ओळखीचाच, थोडा वास रोजचाच, म्हणून तो निवांत होता.

शेडच्या खांबाला पॅनेल आणि त्यावर लाल बटण. ऑपरेटर आणि इनचार्जखेरीज कुणी हात लावायचा नाही, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. सगुणाने दोन्ही तळहातांनी ते बटण आत ढकललं.

पंप थांबला. ब्लोअरही थांबला, आणि त्या अचानक शांततेत हर्षद साहेबांचा आवाज घुमला, “कुणी दाबलं?”

“सल्फाइड हाय!” ती किंचाळली. “हरेश, खाली ये! वारा येतो त्या अंगाने ये!”

हरेशने मान वर केली. त्याने कठडा धरला आणि तसाच उभा राहिला, काहीतरी आठवत असल्यासारखा. सगुणा पायरीकडे झेपावली, तोच हर्षद साहेबांनी तिचा दंड पकडला. “वर नाही जायचं, मावशी. तुम्हीही पडाल.” दुसऱ्या हाताने ते शेजारच्या हेल्परला हवेचा मुखवटा आणायला सांगत होते. त्यांनी धरलं ते बरोबरच होतं, हे सगुणाला नंतर पटलं. त्या क्षणी तिने त्यांच्या हातावर नखं रोवली.

अकरा पायऱ्या. हरेशने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरीवर. चौथीवर तो बसला. सगुणाला वाटलं, संपलं, आता आईला कुठल्या तोंडाने सांगू, की तुझ्या पोराला मी थट्टेत मारला.

“ऊठ!” ती म्हणाली. ओरडायला घसा उरला नव्हता. “ऊठ रे, माझ्या बाबा.”

तो उठला. बसत, सरकत, कठडा धरत खाली आला, शेडबाहेर येऊन गवतावर आडवा झाला आणि भडाभडा ओकला. मुखवटा घेऊन धावत आलेला हेल्पर तसाच उभा राहिला. मनाली आली. तिने ओला कागद टाकीच्या दिशेने नुसता हवेत धरला. टाकीपर्यंत जावंच लागलं नाही. कागद तिच्या हातात काळा झाला. हर्षद साहेब तो कागद बघून सरळ रस्त्यावरच खाली बसले.

हरेशला दवाखान्यात एक दिवस ठेवलं आणि सोडलं. चौकशी दुसऱ्या दिवशी झाली. हर्षद साहेबांचे दोन प्रश्न होते. बूच कुणी लावलं, आणि ही तिसरी नळी आली कुठून.

“बूच हरेशने लावलं,” सगुणा म्हणाली. खोटं बोलायचं तिने रात्रभर ठरवलं होतं, पण बोलता आलं नाही. “लावायला लावलं मी. त्याला हसले, पन सांगितलं काय नाय. आणि नळी मी लपवली. जनूभाऊंनी दिली होती. त्यांचा काय दोष नाय.”

मनाली मध्येच बोलली. सही तिची होती, आणि सातचा आकडा पाहून तिला शंका यायला हवी होती, हे तिने न विचारता सांगितलं. हर्षद साहेबांनी पेन फिरवत ऐकून घेतलं. कागद का संपले, अलार्मची पेटी का नव्हती, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. ते त्यांनी आपल्याच नावावर लिहिलं.

सगुणाला मेमो मिळाला. पाऱ्याची वस्तू लपवली म्हणून आणि परवानगीशिवाय पॅनेलला हात लावला म्हणून. तिने तो नीट घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. म्हातारी आता रीतसर नोंद होऊन साहेबांच्या कपाटात असते. मनाली दर सोमवारी किल्ली आणते, ईटीपीची नळी आणि म्हातारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, आणि आकडा सगुणा मोठ्याने वाचते. तिने वाचायचा, असं आता लिहिलेलं आहे.

हरेश आठ दिवसांनी कामावर आला. त्या दिवशी दुपारी लॅबचं दार हळूच ढकलून तो आत आला. हातात उरलेली दुसरी नळी, बूच उघडं, बाहेरची काच जागच्या जागी. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

“ताय, उतरलीय गो. कालच भरली होती. परत उतरली.”

सगुणाने नळी उजेडात धरली. पाणी नखभर उतरलं होतं, तळाला खडे दिसत होते. तिने त्याला शेजारी उभं केलं, टोकाचा पांढरा ठिपका दाखवला आणि उघाडीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. जनूभाऊंनी तिला सांगितलं होतं तसं, घाई न करता. मग ड्रॉपरने पाणी भरलं. भरताना दोन थेंब टेबलावर सांडले. हरेशने सवयीने ते बोटाने पुसून घेतले.

“उद्या पन उतरनार,” तो अपराध्यासारखा म्हणाला.

“मग उद्या पन आन,” सगुणा म्हणाली. तिला रडू आवरेना. “रोज आन. जोवर उतरतेय, तोवर आनत जा.”